खिट्टीसाठी होकार

कुलूप उघडलं की पाठ फिरवायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दार लोटायचं ते घरमालकाने, आत बघायचं तेही त्यानेच. आपण हत्यारं गोळा करायची आणि जिन्याकडे तोंड करून उभं राहायचं. माझ्या उस्तादाने हे मला कानफटात मारून शिकवलं, त्यामुळे पस्तीस वर्षांत एकदाही विसरलो नाही. हजारो दारं उघडली असतील मी, पण दारापलीकडचं मला विचाराल तर काही ठाऊक नाही.

त्या दिवशीही पाठच फिरवली होती. दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू पाच दिवसांपूर्वी सामानसुमान घेऊन निघून गेले होते आणि आतून कुईकुई ऐकू येत होतं. घरमालक होता, प्राण्यांच्या संस्थेतल्या एक बाई हातात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. मी कुलूप काढलं, वळलो आणि पिशवी आवरायला लागलो. मागे बाईंचं "ये गं, ये, घाबरू नको" चाललं होतं. तेवढ्यात टॉवेल चुकवून काहीतरी माझ्या पायांमधून निसटलं आणि थेट हत्यारांच्या पिशवीत जाऊन बसलं. कानशी, पकडी, स्क्रू ड्रायव्हर यांच्यावर अंगाचं वेटोळं करून.

"काका, तिने तुम्हाला निवडलंय," बाई म्हणाल्या.

"तिने पिशवी निवडलीय," मी म्हणालो. "मी आपला पिशवीबरोबर फुकटात आलोय."

आठ दिवस ती कुत्री संस्थेत होती. मी तीनदा नुसती बघायला गेलो, चौथ्यांदा घेऊनच आलो. वजन तीन किलो, त्यात निम्मं केसांच्या गाठींचं. बरगड्या मोजून घ्याव्यात. नाव ठेवलं खिट्टी. दाराच्या कडीत अडकवायची असते तेवढीच होती ती.

आता बायकोबद्दल सांगायला हवं. घरात मी एकटाच होतो, पण तसं म्हणायची लाज वाटायची, कारण बायको चांगली ठणठणीत आहे. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून परदेशी गेली, चार महिन्यांसाठी. चाराचे आठ झाले. मग नातीला दात यायला लागले, मग लेकीची नोकरी पुन्हा सुरू झाली, मग नात चालायला लागली आणि तिच्यामागे धावायला माणूस हवं झालं. दर वेळी कारण असायचं आणि दर वेळी ते खरं असायचं, हीच तर पंचाईत. खोट्या कारणावर निदान भांडता तरी येतं. दीड वर्ष झालं होतं. मला ती परत यायला हवी होती आणि हे वाक्य मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. "तुझं चालू दे, इथलं काही अडत नाही," असं म्हणत राहिलो. शहाणाच की नाही मी!

त्यात हिला कुत्र्याचा तिटकारा. केस, वास, लाळ, सगळ्याचाच. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "या घरात कुत्रं येईल त्या दिवशी मी माझं काय ते बघीन." नंतर लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं, तरी हिने पिल्लू उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

आणि संस्थेतल्या बाईंचा नियम असा, की तीन आठवडे कुत्री घरी ठेवून बघायची, मग त्या येणार आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा होकार स्वतःच्या कानांनी ऐकणार.

"नवरा लाडाने आणतो, बायको पंधरा दिवसांत परत पाठवते," त्या म्हणाल्या. "त्या जिवाचं घर दोनदा मोडतं, काका. घरात कोण कोण असतं?"

"मी आणि बायको," मी छातीठोकपणे सांगितलं. "ती सध्या लेकीकडे आहे. येईलच."

"मग फोनवर बोलू. पण त्या नको म्हणाल्या तर मी खिट्टीला घेऊन जाणार हं. आधीच सांगते."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तेव्हाच मनात एक चोरटा विचार येऊन गेला. हिला कळलं की ही भडकणार. एवढी भडकणार, की कदाचित पहिल्या विमानाने येऊन थडकेल. येऊ दे, हवं तेवढं ओरडू दे. कुत्री गेली तर जाईल, घरात आवाज तर येईल. पोटाशी धरायला म्हणून मी त्या जिवाला आणलं आणि पहिल्याच दिवशी तिच्यावर असा डाव लावला, याचं आजही वाईट वाटतं.

पण त्याआधी खाण्याचं सुरळीत व्हायला हवं होतं. बाईंनी कागदावर सगळं लिहून दिलं होतं. उपाशी राहिलेल्या जिवाला एकदम पोटभर घालायचं नाही. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ करायचे. डोक्यावर उभं राहायचं नाही. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर वाटी उचलायची, पण मनधरणी करायची नाही.

मी सगळं कागदाबरहुकूम केलं. खिट्टीने वाटी हुंगली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दाराकडे तोंड करून बसली. दुपारी तेच. संध्याकाळी उकडलेल्या कोंबडीचे धागे काढून मऊ भातात कालवले. हुंगली, दाराकडे गेली. दुसऱ्या दिवशी अंडं कुस्करलं. मनधरणी करायची नाही म्हणे! मी जमिनीवर पालथा पडून "एक घास, फक्त एक घास" करत होतो. लेकीसाठीसुद्धा कधी केलं नव्हतं हे, ते खातं बायकोकडे होतं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, दात पाहिले, म्हणाले, आजार काही नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते कोणालाच कळेना. पाणी तेवढं प्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी कचरा टाकायला खाली गेलो. हातात दोन पिशव्या, त्यामुळे दार ओढून घ्यायचं राहिलं. वर आलो तेव्हा वाटी चाटूनपुसून स्वच्छ. उघड्या दारासमोर बसून बाईसाहेब जीभ फिरवत होत्या.

माझ्या दाराला तीन कुलपं आहेत. धंद्याची सवय म्हणा, जाहिरात म्हणा, आत आलो की हात आपोआप तिन्ही फिरवतो. खट, खट, खट. मला तो आवाज इतका ओळखीचा, की ऐकूही येत नाही. आणि जिने पाच दिवस बंद दाराआड काढले, तिला त्या आवाजाचीच धास्ती होती. दार बंद असलं की घास उतरत नव्हता. एवढी साधी गोष्ट कुठल्याही सुताराला, शिंप्याला पहिल्या दिवशी कळली असती. कुलूपवाल्याला तीन दिवस लागले.

त्यानंतर दिवसातून चार वेळा माझं दार सताड उघडं राहायला लागलं. मी तिच्याकडे पाठ करून बसायचो, कारण बघितलेलं तिला आवडायचं नाही, आणि पाठ फिरवण्यात माझा हात कोण धरणार! मागे लपलप आवाज यायचा. समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाई शाळेत जाता जाता थांबल्या.

"काका, कोणी येणार आहे का?"

"नाही हो, कुत्री जेवतेय."

"असं होय," म्हणून त्या गेल्या. उघड्या दारातून मला पहिल्यांदाच कळलं, की या इमारतीत एवढे आवाज आहेत. वरच्या मजल्यावर कोणीतरी कोणाला तरी गणितं न येण्यावरून झापत होतं. कुठे भांडी, कुठे हसणं. जिन्यावरून पावलं यायची, माझ्या दाराशी क्षणभर हळू व्हायची आणि पुढे जायची. दिवसातून चार वेळा दार उघडं टाकून बसलो, पण माझ्याकडे म्हणून कोणी आलं नाही. घर खायला उठतं म्हणतात ते मला तेव्हा कळलं, दार उघडं असताना.

बाकी आमचं बरं चाललं होतं. गाठी सोडवायला आठवडा लागला. रोज एक कान, एक पाय असं करत. दुकानात न्यायला लागलो तर चावी कापायच्या मशीनला घाबरून थरथरायची, म्हणून ती असताना मी कानशीने हाताने चाव्या घासायला लागलो. गिऱ्हाइकं म्हणायची, मशीन बिघडलं का? मी म्हणायचो, हो. तिसऱ्या आठवड्यात वजन तीन किलो आठशे भरलं. डॉक्टरांच्या काट्यावर तो आकडा बघून मला कोणाला तरी सांगावंसं वाटलं. कंपाउंडरला सांगितलं. तो म्हणाला, "पुढचा नंबर."

रविवारी बायकोचा फोन यायचा, चित्रासकट. आमचं बोलणं ठरलेलं. जेवलात? जेवलो. गोळ्या घेताय? घेतोय. मग ती नातीला समोर धरायची, नात फोन चाटायची, मग दोघंही आपापल्या घरातल्या भिंती बघत बसायचो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि तेच लपवायचं होतं. खिट्टी शेजारी बसलेली असायची आणि मी फोन भिंतीकडे वळवून धरायचो.

तिसऱ्या रविवारी बाई आल्या. फिरून घर पाहिलं, वाटी पाहिली, खिट्टीच्या पाठीवरून हात फिरवला आणि खुर्चीत बसल्या. मी हिला पटवायला दहा मुद्दे तयार ठेवले होते. ती ओरडली तर म्हणायचं ते वेगळं, रडली तर वेगळं. खिट्टीची जेवायची वेळ झाली होती म्हणून वाटी ठेवली, दार उघडलं. तेवढ्यात फोन वाजला.

"जेवलात?" ही म्हणाली. मग डोळे बारीक केले. "अहो, मागे दार उघडं का?"

दहाच्या दहा मुद्दे तोंडातच विरघळले. "कुत्री आहे," मी म्हणालो. "आणलीय. तीन आठवडे झाले."

आता भडका उडणार. मी वाट बघत होतो. खोटं कशाला सांगू, आतुरतेने वाट बघत होतो.

"दाखवा," ती म्हणाली.

मी फोन वळवला. खिट्टी वाटीतून तोंड वर काढून बघत होती.

"अगबाई, केवढीशी आहे! खाते का नीट?"

मग मी सांगत सुटलो. तीन दिवसांचा उपास, अंडं, पालथं पडणं, कचऱ्याच्या पिशव्या, तीन कुलपं, तीन किलो आठशे. बाई खुर्चीत हसत होत्या. ही ऐकत होती, मधूनच "हो का?" म्हणत होती. एवढं मी तिच्याशी कधी बोललो होतो, आठवत नाही.

बाईंनी फोन हातात घेतला. "ताई, तुमचा होकार हवाय. तुम्ही आलात की तिला तुमच्याबरोबरही राहायचंय ना."

"अहो, ठेवू दे ना त्यांना," ही म्हणाली. "माझी काही हरकत नाही. उलट फार बरं झालं. ते एकटे असतात, माझा जीव नुसता टांगणीला लागायचा. आता मलाही इथे निर्धास्त राहता येईल."

मी पुढे वाकलो. "केस पडतात हिचे. सगळ्या घरभर."

"पडू देत."

"तुझ्या पलंगावर झोपते. तुझ्या उशीवर."

"झोपू दे हो," ती म्हणाली, अगदी मायेने. "तिथे दुसरं कोण आहे झोपायला?"

पलीकडे नात रडायला लागली, म्हणून "ठेवते हं, मग बोलू" म्हणून तिने फोन ठेवला. बाईंनी कागद पुढे केला. "अभिनंदन, काका! मला खरं म्हणजे धाकधूक होती. इतक्या सहज हो म्हणणाऱ्या बायका कमी."

एकतीस वर्षांत हिने माझ्या कुठल्याच गोष्टीला सहज हो म्हटलेलं नव्हतं. पडद्यांच्या रंगावरून ती माझ्याशी महिनाभर भांडली होती, कारण ते पडदे तिला रोज बघायचे होते. मी सही केली. खिट्टी माझीच राहिली याचा आनंद झाला नाही असं नाही. झाला. पण बाईंना जिन्यापर्यंत सोडून आलो आणि तसाच उभा राहिलो.

मग मी फोन लावला. आपण होऊन असा मी कधी लावत नाही.

"काय हो, काय झालं?" ही घाबरून म्हणाली. मांडीवर नात होती.

"काही नाही. एक सांगायचं राहिलं." खिट्टी माझ्या पायाशी पोट वर करून पडली होती. "चावते ती. दोनदा चावलीय मला."

"हो का?" ती म्हणाली. "मग जरा जपून राहा, हं."