खाली राहायला आलेलं डाळिंब

मातीसाहेबांच्या अंगणात पान पडलं तर ते जमिनीला टेकायच्या आत उचललं जातं, असं शेजारीपाजारी म्हणत. यात थोडी अतिशयोक्ती होती. पान टेकायचं, पण तिथे त्याला बस्तान बसवू दिलं जात नसे, इतकंच. सकाळी उठल्यावर साहेबांच्या हातात आधी खराटा यायचा आणि मग चहाचा कप. खराट्याच्या रेघा अंगणभर अशा ओळीनं उमटायच्या, की त्यांवर पाय ठेवताना पाहुण्यालाही अपराधी वाटावं.

हा माणूस जन्मभर मृद्संधारण खात्यात होता. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून दर रविवारी वाचनालयात व्याख्यान देऊ लागला, आणि 'मातीसाहेब' हे नाव तिथूनच पडलं. "माती म्हणजे पृथ्वीचं कातडं," अशी त्यांची सुरुवात ठरलेली. मग आवाज खाली आणून, "आणि कातडं सोललेला प्राणी किती दिवस जगतो?" पुढच्या रांगेतले वृद्ध आपापली मनगटं चाचपून बघत. पाण्याबद्दल ते सांगत, "पाऊस म्हणजे घाईतला पाहुणा. त्याला आडवे जा, दोन घटका बसवून घ्या, तर तो तुमच्या घरी काहीतरी ठेवून जाईल. तसाच पळाला, तर घरातलं उचलून नेईल." जमीन उघडी ठेवू नका, पालापाचोळा पसरू द्या, चर खणायचा तो उताराला आडवा, हे सगळं ते इतकं सुरेख सांगत, की ऐकणारा घरी जाऊन काही करायचंच विसरून जाई.

साहेबांचं घर उतारावर होतं. अंगणात पावसाचं पाणी साचू नये म्हणून त्यांनी वरून खालपर्यंत सिमेंटचं एक गटार बांधून घेतलं होतं. ते नाकासारखं सरळ होतं. बांधकाम चालू असताना बायकोनं विचारलंही होतं.

"अहो, तुम्ही तर उताराला आडवा चर सांगता ना?"

"ते शेतासाठी," साहेब म्हणाले. "हे अंगण आहे."

"पावसाला कळतं का, कुठे शेत आणि कुठे अंगण?"

साहेब गवंड्याकडे वळले. व्याख्यानात प्रश्नांची वेळ शेवटी असते, आणि घरात ती वेळ ते येऊच देत नसत.

गटार जिथे संपे, तिथे धाकट्या बहिणीचं आवार सुरू होई. आईनं जाण्यापूर्वी जागेचे दोन भाग केले होते. वरचा भाग साहेबांना दिला आणि खालचा धाकटीला, आणि विहीर दोघांची ठेवली. वरच्या भागाच्या अगदी कडेला आईनं स्वतः लावलेलं डाळिंब होतं. "बाकी काही मागत नाही," ती साहेबांना म्हणाली होती, "एवढं झाड सांभाळ. तू मातीतला जाणकार, तुझ्या हातून जाणार नाही." आईचा लेकरावर विश्वास असतो. तिनं व्याख्यानं ऐकली होती, गटार पाहिलं नव्हतं.

धाकटीचं आवार म्हणजे साहेबांच्या मते घराण्याला लागलेला डाग. नवरा नोकरीपायी परगावी, ही दिवसभर शिवणयंत्रावर. झाडायला ना वेळ, ना हौस. चिंध्या, छाटलेल्या फांद्या, मोडकी खुर्ची, फुटक्या कुंड्या, जे हातात येई ते ती वरच्या कडेला टाकून देई. त्याची आपोआप एक लांबलचक आडवी रास झाली होती, आणि तिच्यावर भोपळ्याचे वेल असे माजले होते, की खुर्ची आता नुसती आठवणीत उरली होती.

आणि इकडे वर, डाळिंब कलायला लागलं. आधी थोडं, मग डोळ्यांत भरण्याइतकं. बुंध्याखालची जमीन बसत गेली, मुळं उघडी पडली, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी. पानं पिवळी पडली. साहेबांनी झाडाभोवती दोनदा चक्कर मारली, चष्मा पुसला, आणि निदान केलं की दोष बहिणीचा आहे.

"धाकटे!" त्यांनी वरून हाक मारली. "तुझ्या या जंगलानं माझ्या झाडाचा सगळा जीव खाली ओढून घेतलाय!"

धाकटी यंत्रावरून उठली नाही. खिडकीतूनच म्हणाली, "दादा, मी कशाला ओढू? मला इथे बाह्यांचे टाके ओढता ओढता जेवायला होत नाही."

"तुझ्याकडे भोपळे, आणि माझ्याकडे खडे. याचा अर्थ काय?"

"याचा अर्थ असा, की तुझी माती माझ्याकडे येते. मी बोलावत नाही हं. तुझ्या त्या गटारातून येते, राजरस्त्यानं. माझ्या राशीला अडली ती अडली, उरलेली विहिरीत जाते. पाणी बघितलंस? काल गिऱ्हाईक आलं होतं. मी पाण्याचा पेला ठेवला, तर ती म्हणाली, चहा नको, आत्ताच घेऊन आले."

साहेबांनी पुढचं ऐकलं नाही. 'तुझी माती माझ्याकडे येते' एवढंच त्यांनी पकडलं.

"कबूल केलंस ना? मग परत दे."

"काय?"

"माती. माझी आहे. झाडाला भर घालायची आहे."

धाकटीनं यंत्र थांबवलं. "ने की. टोपली आणलीस का? का तीही माझ्याकडेच वाहून आलीय?"

पण साहेबांना ती अशी फुकटची नको होती. तशी नेली असती तर ती धाकटीनं दिलेली ठरली असती. त्यांना ती हक्कानं हवी होती. म्हणून त्यांनी मामांना बोलावणं धाडलं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. घरातलं कुठलंही भांडण त्यांच्याशिवाय सुटत नसे, आणि त्यांच्या आल्यानं लवकर सुटत नसे, कारण खायला काही येईपर्यंत ते निकाल देत नसत.

दुपारी धाकटीच्या ओट्यावर बैठक बसली. मामा आरामखुर्चीत. साहेबांच्या बायकोनं आपल्या काचेच्या बरण्या आणल्या, त्याही कुरकुरत. "माती भरणार म्हणे. उद्या यात साखर ठेवायची आहे मला."

साहेबांच्या अंगात मात्र व्याख्यान संचारलं होतं. एका बरणीत त्यांनी आपल्या अंगणातली माती घातली, दुसरीत धाकटीच्या राशीमागची, तिसरीत विहिरीच्या काठचा गाळ. तिन्हींत पाणी ओतलं, झाकणं लावली, खळखळून हलवल्या आणि ओळीनं मांडल्या.

"आता बघा मामा. जड ते आधी खाली बसतं, हलकं मागाहून. माती आपली ओळख स्वतःच सांगते."

पहिल्या बरणीत बोलता बोलताच सगळं तळाशी बसलं. खडे आणि वाळू. वर पाणी स्वच्छ, निवळशंख.

"अरे वा," मामा म्हणाले, "तुझी माती सगळ्यांत स्वच्छ."

साहेबांचा चेहरा जरा उतरला. त्या स्वच्छ पाण्याचा अर्थ तिथे बसलेल्यांत फक्त त्यांना कळत होता. ज्या मातीत मातीपणच उरलेलं नाही, तिचं पाणी गढूळ होणार कशानं?

दुसऱ्या बरणीत हळूहळू थर बसू लागले. खाली वाळू, तिच्यावर पिठासारखा तांबूस थर, त्याच्यावर मऊ काळसर, आणि पाण्यावर कुजलेल्या पानांचे कण तरंगत राहिले. तिसरीतही तोच तांबूस थर बसू लागला, आणि वरचं पाणी चहासारखं राहिलं.

"हा तांबूस थर!" साहेबांनी बोट ठेवलं. "धाकटीच्या बाजूची जमीन मुळात काळी. तांबडी माती फक्त वरच्या अंगात. मामा, ही माझी आहे. कुठल्याही तज्ज्ञाला विचारा."

"तज्ज्ञ तूच आहेस," मामा म्हणाले. "म्हणजे माती तुझी, हे सिद्ध झालं म्हणायचं?"

"निर्विवाद."

नेमकं तेव्हाच फाटक वाजलं आणि वाचनालयाचे अध्यक्ष आत आले. साहेबांच्या घरी कुलूप दिसलं, म्हणून खाली चौकशीला उतरले होते. आनंदाची बातमी होती. येत्या रविवारी साहेबांचा जाहीर सत्कार ठरला होता, आणि त्यांना 'मातीचा राखणदार' ही पदवी देण्यात येणार होती.

"वा! इथेही प्रयोग चालू?" अध्यक्ष बरण्यांकडे पाहून म्हणाले. "कसला आहे?"

"ही जी खाली वाहून आलीय ना," मामा उत्साहानं सांगू लागले, "ती माती कोणाची, हे ठरवतोय. याचं म्हणणं असं, की..."

"मामा," साहेब म्हणाले.

"...निर्विवाद याची आहे. वरून वाहून आली."

अध्यक्षांनी एकदा वर पाहिलं. लख्ख अंगण, सरळ गटार, मुळं उघडी पडलेलं कलतं डाळिंब. मग बरण्यांकडे पाहिलं. "साहेबांच्या अंगणातून माती वाहून आली?" त्यांनी हे इतक्या निरागसपणे विचारलं, की कोणालाही खोटं बोलणं सोपं जावं.

हातातली सुई धाकटीनं पदराला टोचून ठेवली आणि भावाकडे बघत राहिली. साहेबांनी डाळिंबाकडे पाहिलं. 'माझी' एवढं म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत टोपल्यांनी भर पडली असती.

"छे छे," साहेब म्हणाले. "मामांचा गैरसमज झालाय. ही माती धाकटीचीच. इथलीच आहे, मूळची."

"आणि तो तांबूस थर?" मामांनी विचारलं.

"तो... असतो कधी कधी."

"चला, मिटलं," मामा म्हणाले. "माती धाकटीची. आता काहीतरी खायला आणा बघू."

बायकोनं बरण्या उचलल्या. जाता जाता नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "साखर दुसरीकडे ठेवेन. या बरण्यांना आता बरंच काही माहीत झालंय."

सत्कार थाटात झाला. साहेबांच्या गळ्यात हार पडला, टाळ्या पडल्या, आणि घरी येताना पाऊसही पडू लागला. तो रात्रभर थांबला नाही. घाईतला पाहुणा सरळ गटारानं पळत खाली गेला, आणि त्या गटारातही न मावलेला शिस्तीत झाडलेल्या अंगणावरून गेला, जिथे त्याला अडवायला एक काडीसुद्धा नव्हती.

सकाळी साहेब खराटा घेऊन बाहेर आले, तर कडेला डाळिंब नव्हतं. कडही नव्हती. तिथे ओला, तांबडा, सोललेला उतार होता. व्याख्यानातल्या उपमा अशा दारात येऊन उभ्या राहतात, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना खाली बघवेना.

"दादा!" खालून हाक आली. "ये रे इकडे. आई माझ्याकडे राहायला आलीय!"

मातीच्या मोठ्या लगद्यासकट डाळिंब घसरत गेलं होतं आणि धाकटीच्या राशीला टेकून थांबलं होतं. भोपळ्याचा वेल चिरडला होता, पण झाड उभं होतं. धाकटीनं त्याला मोडक्या खुर्चीचा टेकू दिला होता आणि चिंध्यांनी बांधून घेतलं होतं. साडी गुडघ्यापर्यंत चिखलात.

"वर नेता येईल," साहेब कसेबसे म्हणाले. "माणसं बोलावतो."

"कुठे नेणार?" धाकटी म्हणाली. "तिथे आहे काय तुझ्याकडे? खडे आणि पदवी." मग जरा थांबून, "आणि माती माझी, हे तू चारचौघांत सांगितलंयस. माझ्या मातीत उभं आहे ते. राहू दे."

बोलण्यासारखं जे होतं, ते साहेबांनी ओट्यावर गिळून टाकलं होतं.

डाळिंब जगलं. पुढच्या हंगामात त्याला कळ्या धरल्या, आणि बातमी वाचनालयात पोचली. अध्यक्ष मंडळींना घेऊन बघायला आले. राशीसमोर उभं राहिल्यावर साहेबांचा गळा आपोआप साफ झाला. सवय वाईट असते.

"ही जी आडवी रचना दिसते आहे," ते काठीनं दाखवत म्हणाले, "ती योगायोग नव्हे. पाण्याचा वेग मोडावा, माती अडावी, म्हणून ती मुद्दाम..."

"अगदी मुद्दाम," धाकटी ओट्यावरून म्हणाली. "दहा वर्षं मुद्दाम झाडलं नाही मी."

मंडळी हसली. अध्यक्षांनी मात्र वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी वर नजर टाकली आणि विचारलं, "साहेब, वरच्या अंगणात हा प्रयोग कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची बायको चहा घेऊन बाहेर आली, तर खराटा भिंतीला टेकलेला, आणि साहेब पायरीवर बसलेले. रेघा मारलेल्या अंगणाच्या मधोमध एक पिवळं पान पडलं होतं.

"अहो, बरं नाही का वाटत?"

"बरं आहे. राहू दे ते पान."

बायकोनं पानाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि चहाचा कप त्यांच्या हातात दिला. जन्मभरात नवऱ्याबद्दल इतका आदर तिला प्रथमच वाटला असावा.

तो दुपारपर्यंत टिकला. जेवणं झाल्यावर साहेब उठले, खाली कोणी बघत नाही याची खात्री केली, अंगणात गेले, आणि वाकडं पडलेलं ते पान खराट्याच्या रेघांना समांतर करून ठेवून आले.