न पाहता दिलेला होकार

मी तोंडावर ‘नाही’ म्हणणारी शिंपीण. लोक नाकं मुरडतात, पण परत माझ्याकडेच येतात, कारण मी ‘हो’ म्हटलं की कपडा अंगावर बसतोच. आतली शिवण उलटून पाहिल्याशिवाय मी कुणाला शब्द देत नाही.

सूनबाईने दुकानाचं पेज सुरू केलं आणि माझ्या नावाने गोडगोड लिहू लागली. ‘तुमचा आनंद, आमचा टाका!’ वाचून मी कपाळावर हात मारला. पण गिऱ्हाईक वाढलं, म्हणून गप्प बसले.

आज एक गायिका आली. उद्या सकाळी तिचा पहिला मोठा कार्यक्रम, आणि तिला घालायचा होता तिच्या गेलेल्या आईचा झगा. तो बगलेत आवळत होता. मी शिवण उलटली. आत सोडलेलं कापड नावालाही नव्हतं.

“हा सैल होणार नाही,” मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. “काकू, तुम्हीच लिहिलंत ना, नक्की होईल, निर्धास्त या? म्हणून मी दुसरीकडे गेलेच नाही.” तिने मोबाइल पुढे केला. खाली माझं नाव, शेजारी लाल बदाम. “मला तेव्हाच वाटलं होतं, काकू आणि बदाम?”

माझं डोकं सणकलं. कोपऱ्यात काज करणाऱ्या सूनबाईचा हात थांबला. खरं सांगावं, तर घरचं माणूस उघडं पडणार. गप्प राहावं, तर माझा शब्द खोटा.

“मी लिहिलं,” सूनबाईच उठली. “झगा न बघता. आईंना विचारलंही नाही.”

“मग उद्या मी काय घालू?” गायिका झगा छातीशी धरून रडू लागली.

“बगलेत पट्टी घालते,” मी म्हणाले. “रंग जुळणार नाही. हात वर केलास की जोड दिसेल.”

“थोडा तरी लपेल ना?”

“नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले. “घाला.”

सूनबाईने शिवण उसवली, मी पट्टी बेतली. झगा घेऊन गायिका गेली आणि सूनबाईचा मोबाइल वाजला. कुणाला तरी कोट आखूड करून हवा होता. सूनबाईने मोबाइल माझ्यापुढे धरला.

“तूच लिही,” मी म्हणाले, “पण तुझ्या नावाने.”

तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मी चष्मा चढवून वाचलं: ‘मी सून. आतून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. कोट घेऊन या.’

बदाम नव्हता. मला फार बरं वाटलं, पण तिला ते सांगितलं नाही.