एका सिलिंडरवर

"किल्ली कुठाय?" बाबांनी पुन्हा विचारलं आणि पांघरूण पायानं दूर सारलं.

"गॅरेजमध्ये आहे बाबा. खिळ्यावर."

"मग चल ना! शुभा बाहेर उभी असेल. थंडी बघ किती पडलीय."

शुभा म्हणजे मृणालिनीची आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. परवा मृणालिनीनं बाबांना तसं सांगून पाहिलं होतं. त्यांना ते जणू पहिल्यांदाच कळलं. त्यांचा चेहरा पाहिल्यावर पुन्हा सांगायची तिची छाती झाली नाही.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या त्या घरात जिथे सोफा असायचा तिथे आता हॉस्पिसचा, शेवटच्या दिवसांतल्या शुश्रूषेसाठी आलेला, पलंग होता. बाबांच्या अंगात कूस बदलण्याचंही बळ नव्हतं, पण निघायची घाई अशी की काल कठड्यावरून पाय टाकताना ते खाली आले. कपाळाला खोक पडली. सकाळी नर्स पट्टी बदलून गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, शेवटी शेवटी पुष्कळांचं असं होतं. कुणी बूट शोधतं, कुणी तिकीट. संध्याकाळपर्यंत अशीच तगमग राहिली, तर औषध वाढवावं लागेल. मग ते झोपतील.

"मग बोलणार नाहीत?"

नर्सनं तिच्या दंडावर हात ठेवला.

धाकटा भाऊ शंतनू पार्सिपनीहून निघणार होता, पण त्याची फ्लाइट वादळामुळे कॅन्सल झाली होती. आता तो उद्या येणार. तोवर बाबा बोलते राहायला हवे होते.

बाबांना हवी होती ती गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात, बर्फ उडवायच्या स्नोब्लोअरच्या मागे, जुन्या चादरीखाली होती. त्र्याहत्तर सालची, दोन सिलिंडरची जपानी मोटरसायकल. विद्यार्थी असताना बाबांनी ती सेकंडहँड घेतली आणि रोज संध्याकाळी तिच्यावरून आईला तिच्या लॅबमधून आणलं. पुढे मुलं झाली, कार आल्या. तरी दर दसऱ्याला ती चादर निघायची. बाबा गाडी पुसायचे, आई पूजा करायची, आणि मग बाबा सगळ्यांकडे एकदा बघून एका किकमध्ये ती चालू करायचे. आई गेल्यापासून कुणी चादर काढली नव्हती. हेडलाइटवर आईच्या बोटाचं कुंकू होतं. हँडलला वाळलेली झेंडूची माळ होती, तिचा नुसता दोरा उरला होता.

शेजारच्या नंदाकाकू वरणभाताचा डबा घेऊन आल्या तेव्हा मृणालिनी म्हणाली, "काकू, बाबांजवळ बसाल थोडा वेळ? मला मोटरसायकल चालू करायचीय."

"अगबाई! येते तुला?"

"नाही."

गाडीचा आवाज कानावर पडला की शुभाला आणायला कुणीतरी निघालं असं बाबांना वाटेल, जीव थंडावेल, एवढाच तिचा हिशोब होता. तो किती कच्चा आहे हे तिला कळत होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. ती शॉमबर्गच्या लायब्ररीत काम करायची. मरणाबद्दल तिनं पुष्कळ वाचलं होतं. चोक कुठल्या बाजूला ओढायचा हे त्यात कुठेच नव्हतं.

चाकांत हवा नव्हती. तिनं गाडी कशीबशी रेटत ड्राइव्हवेवर आणली. गाडी हलवून पाहिली, टाकीत पेट्रोल डुचमळलं. बॅटरी ठार होती, म्हणून आपली कार जवळ घेऊन जंपर केबल लावल्या. हिरवा दिवा मिणमिणला. तिनं किक मारली. मारत राहिली. नोव्हेंबरच्या वाऱ्यातही तिच्या पाठीवरून घाम ओघळायला लागला.

"आडवी कर गं!" दारातून नंदाकाकू ओरडल्या. "आमची स्कूटर अशीच चालू व्हायची. आडवी केली की पेट्रोल उतरतं."

पुण्याला सुट्टीत गेल्यावर आजोबांची स्कूटर बाबाही तशीच आडवी करायचे, हे मृणालिनीला आठवलं. तिनं केबल काढल्या आणि गाडी उजवीकडे कलती केली. पण स्कूटरच्या दुप्पट वजन ते. हातातून सुटलंच. आरसा फुटला, तिची नडगी सोलवटली.

"कोण पाडतंय?" आतून बाबांचा आवाज आला. "अरे, तिला उशीर होतोय!"

दोघींनी मिळून गाडी उभी केली. मृणालिनीनं शंतनूला फोन लावून सगळं सांगितलं.

"ताई, त्यापेक्षा गवत कापायचा मोवर चालू कर ना यार. आता काय कळणारेय त्यांना?"

"शंतनू, इंजिनांचे आवाज ऐकायचा पगार घेतलाय त्यांनी तीस वर्षं. कार कंपनीच्या आवाजाच्याच लॅबमध्ये होते ना ते?"

"अगं, आई नाही हे ज्यांना कळत नाही, त्यांना मोवर कळणार?"

तिनं फोन ठेवला. नडगी ठणकत होती. मग तिनं लॉनमोवर ओढून आणला. तो मात्र पहिल्याच झटक्याला धडधडला. ती आत धावली.

"बाबा, झाली चालू!"

बाबा स्थिर झाले. मान थोडी वळवून त्यांनी कान दिला.

"हा मोवर आहे," ते म्हणाले. मग तिच्याकडे बघत, "मिनू, तूसुद्धा?"

आणि ते रडायला लागले. आवाज फुटत नव्हता, नुसती छाती हलत होती. पाय पुन्हा कठड्याकडे सरकले. नंदाकाकूंनी खांदे धरले, मृणालिनीनं पाय. ते पाय तिला काठीसारखे लागले.

"बाबा, मला येत नाही हो," ती म्हणाली. "किती किक मारल्या. आडवीसुद्धा करून पाहिली."

बाबांचे पाय थांबले.

"आडवी?"

"हो."

"स्कूटर आहे का ती!" डोळे चांगले उघडले होते. कपाळावर ती जुनी आठी, गणित चुकल्यावर पडायची ती. "कुणी सांगितलं?"

"मी नाही बाई," नंदाकाकू म्हणाल्या.

बाबांनी दम घेतला. "जुनं पेट्रोल... सगळं काढ. कार्ब्युरेटरखाली वाट्या आहेत. दोन. त्या धू." पुन्हा दम. "प्लग पॉलिश पेपरनं घास. आणि चोक दे."

मग ती काम करत राहिली. टाकीतून बादलीत उतरलेल्या पेट्रोलला व्हार्निशचा वास होता. उजवी वाटी निघाली, तिच्या तळाशी गुळाच्या पाकासारखं घट्ट काहीतरी बसलं होतं; ते तिनं नखानं खरवडलं. डावी वाटी निघेना. पक्कड लावली, ती निसटून बोट कापलं. दोन्ही प्लग घासले. मोवरच्या कॅनमध्ये तळाशी उरलेलं पेट्रोल टाकीत ओतलं, केबल पुन्हा लावल्या. मधूनमधून आतून विचारणा यायची, "वाट्या?" आणि ती ओरडायची, "एक झाली बाबा!"

उजेड कमी झाला. नर्सची गाडी वळून फुटपाथला लागली. मृणालिनीनं तिच्याकडे पाहिलंच नाही. तिनं चोक दिला आणि सगळं वजन घालून किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. किक उलटी येऊन नेमकी त्याच नडगीवर बसली, आणि ती हँडलवर डोकं टेकून म्हणाली, "चल ना गं बाई. चल ना."

पुढच्या किकला पांढरा धूर ओकत गाडी चालू झाली. आवाज लंगडा होता, मधेच ठेचकाळत होता, पण बंद पडला नाही.

ती आत आली. बाबांची मान दाराकडे वळलेली होती.

"एकच सिलिंडर पेटतोय," ते म्हणाले.

ती परत बाहेर गेली, दोन्ही सायलेन्सरजवळ हात धरून पाहिला. उजवा चटका देत होता. डावा थंडगार होता.

"हो बाबा. डावी वाटी निघालीच नाही. धुतली नाही मी."

त्या आठीची ती वाट बघत होती. बाबा ऐकत राहिले. प्रत्येक ठेच ते ऐकत होते. ओठ किंचित हलत होते, ठोके मोजल्यासारखे.

"पोचेल," ते म्हणाले.

दिवसभर चादर उकरणारे त्यांचे पाय शांत पडले होते. नर्स औषधांची बॅग घेऊन दारात उभी होती. तिनं ती उघडली नाही.

"बंद करू का गं?" नंदाकाकूंनी हळूच विचारलं. "पेट्रोल जळतंय."

"राहू द्या काकू."

टाकीत कॅनच्या तळाशी होतं तेवढंच पेट्रोल होतं. मृणालिनीनं खुर्ची पलंगाला लावली, बाबांचा हात हातात घेतला आणि तीही कान देऊन बसली.