प्राप्तीचं वाचन

रेवदंड्याच्या शाळेतली प्राप्ती अडखळत बोलायची, म्हणून वर्गात वाचायला कधी उभी राहत नसे. कल्पिताबाई तिला म्हणाल्या, "घरी फोनवर धडा रेकॉर्ड कर आणि मला पाठव. कितीही वेळ लागू दे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते रेकॉर्डिंग वर्गातल्या स्पीकरवर लावलं. प्राप्तीने मान खाली घातली. वाचताना ती तीनदा अडली होती. प्रत्येक वेळी शेजारी सुकट निवडत बसलेल्या तिच्या आईचा आवाज येत होता, "सावकाश बाय, मी हाय ना."

वर्गात कोणीच हसलं नाही. तिच्याच बाकावर बसणारी किशोरी तिच्याजवळ सरकली. "पुढचा धडा आपण दोघी वाचू?"

"व्ह... व्हय," म्हणत प्राप्तीने पुस्तक उघडलं.