तांबे विसरलेले जीव

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना शेकर आहे. ताटात बसवलेले काचेचे फ्लास्क गोल गोल हलवत राहायचे, एवढेच माझे काम. कारखान्यातून आलो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो. आता आम्लाच्या शिंतोड्यांनी अंगभर गंजाचे चट्टे उठले आहेत.

माझी उमेदीची वर्षे एका संशोधक ताईबरोबर गेली. तिने बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीतले पाणी आणले होते. लिंबाहून आंबट आणि तांब्याने निळसर. त्यातही जिवाणू मजेत नांदत होते. ज्या तांब्याने इतर जिवाणू पटापट मरतात, ते हे अंगाबाहेर फेकून देत.

"होडीत शिरलेलं पाणी उपसतात ना, तसं," ताई शेजारच्या टेबलावरच्या धाकट्या मैत्रिणीला सांगे.

हे कसब त्यांच्या जनुकांत कुठे लिहिले आहे, ते ताईला शोधायचे होते. ती तांबे थोडे थोडे वाढवत गेली, मी हलवत गेलो. अखेर तिला दिसले, की मुख्य जनुकसाखळीखेरीज त्यांच्याजवळ एक लहानसे सुटे कडे आहे, आणि ते कसब बहुधा त्यावरच आहे. तिने माझ्या झाकणावर थाप मारली.

"म्हाताऱ्या, जिंकलो रे."

इतके कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही.

कड्यावरची जनुके वाचायची राहिली होती, तोच तिच्या वडिलांना पक्षाघात झाला.

"यांना जप गं," निघताना ती मैत्रिणीला म्हणाली. "गोठवून ठेवले तर जगत नाहीत. दर आठवड्याला ताज्या पाण्यात घालावं लागतं."

"तू बाबांकडे बघ, ताई. इथली काळजी माझ्यावर सोड."

मैत्रिणीने खरोखर जिवापाड जपले. पण तांब्यात जिवाणू फार सावकाश वाढत. आपल्या हातून मेले तर, या धास्तीने तिच्या जिवाचे पाणी पाणी होई. शेवटी तिने तांबे घालणेच सोडले.

"ताई येईपर्यंत सुखात राहू देत बिचारे."

निळा रंग गेला. जिवाणू भराभर वाढू लागले. खरे सांगतो, मलाही बरे वाटले.

पण तांबेच नाही, तर उपसायचे काय? ज्यांच्याकडून कडे सुटले ते हलके झाले, झपाट्याने वाढले. कडे सांभाळणारे मागे पडले आणि पिढ्यांमागून पिढ्या सरता सरता संपले.

वडील गेले. दिवसकार्य आटोपून ताई परतली आणि तिने फ्लास्कमध्ये तांबे घातले. काहीच वाढले नाही. पुन्हा घातले, पुन्हा तेच. तिने कडे शोधले, एकातही नव्हते. पूर्वी जिवाणूंतून काढून ठेवलेला जनुकांचा थेंबभर द्राव पहिल्या तपासणीतच संपला होता. खाणीकडे धावली, तर तिथे चुना ओतून खड्डे बुजवलेले.

मैत्रिणीचा चेहरा उतरला. "मी एकालाही मरू दिलं नाही गं."

"माहीत आहे," ताई म्हणाली. महिनाभरात तिने हे काम सोडले.

मित्रांनो, कुणाला सांभाळायला घेतलेत, तर तो कशाच्या जोरावर उभा आहे ते आधी विचारा. नुसती माया पुरत नाही.

मैत्रीण अजून त्यांना दर आठवड्याला ताजे पाणी देते. टाकून द्यायला तिचा हात धजत नाही. ते वाढतात, मी हलवतो. बघायला कुणी येत नाही.