मोन्टेव्हिडिओची ओवी

“आणि तुझा नवरा आहे कुठे?” अर्ज लिहिणाऱ्या गुप्त्यांनी टाक दौतीत बुडवत विचारलं.

राहीने पदर पुढे ओढला. नवऱ्याचं नाव थोरल्या दिराने, विठूने, सांगून टाकलं होतं: कान्हा, राहणार वैशाखरे. पण कान्हा होता त्या गावाचं नाव विठूच्या जिभेवर कधी बसलंच नाही. ते एकट्या राहीला येत होतं, आणि शहापूरच्या कचेरीबाहेर चार पुरुषांसमोर राहीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

कान्हा डोंगरातला माणूस. पोहला असेल तर गावच्या डोहात. लढाईच्या दिवसांत मुंबईला कामाला गेला, तो बोटीवर भट्टीत कोळसा टाकायला लागला. पुढे वर्ष-दीड वर्ष काही कळलं नाही. मग त्याच बोटीवरचा उंबरमाळीचा महादू वाट वाकडी करून वैशाखऱ्याला आला. कान्ह्याच्या छातीत धूर भरला, परमुलखात त्याला झोळीत घालून उतरवला, दवाखान्यात ठेवला, एवढं त्याने सांगितलं. “बोटीच्या हापिसात तोंडी कायबी चालत नाय. घरच्यांचा अर्ज लागतो, विंग्रजीत. गावाचं नाव बरोबर पायजे, नायतर दाद लागायची नाय,” असं म्हणून त्याने ते नाव राहीकडून घोकून घेतलं आणि पुन्हा बोटीवर गेला.

असलं अवघड नाव टिकायचं कसं? राहीने ते जात्यावर बसवलं. रोज पहाटे दळता दळता म्हणायची.

इकडे पुढे काहीच खबर येईना, तेव्हा कान्हा गेलाच असं धरून विठूने भादव्यातच ठरवलं होतं, सर्वपित्रीला कान्ह्याच्या नावाने पान वाढायचं. “पितर उपाशी ठेवू नये गो. घराला लागतं,” तो म्हणाला. विठू वाईट नव्हता. भावासाठी तोही रडायचा, फक्त गोठ्यात जाऊन. राहीने त्याचे पाय धरले. “एक वरीस थांबा, दादा. जित्या माणसाला कावळ्याचं पान वाढू नका.” तो थांबला, आणि पुढल्या भादव्यापर्यंतची मुदत देऊन तिला घेऊन निघाला. विठूने सांगितलेलं मोडकंतोडकं नाव ऐकून मुरबाडच्या अर्ज लिहिणाऱ्याने हात टेकले. असलं नाव आपल्या बापजन्मी ऐकलं नाही, शहापूरला गुप्त्यांकडे जा, म्हणाला.

“अगं, सांग ना गावाचं नाव!” गुप्ते करवादले.

“मला नुसतं येत नाय,” राही पुटपुटली. “जात्यावर येतं.”

“मग आता इथे जातं आणू की काय?”

बसलेले हसले. विठूच्या लक्षात आलं. भावजय थोरल्या दिरासमोर गाणार, त्यात नवऱ्याचं नाव घेणार! आक्रीतच. त्याने तिच्याकडे पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड केलं.

“म्हण गो. मी नाय ऐकत.”

राही जमिनीवर बसली. खुंटा धरल्यासारखा तिचा हात फिरू लागला, तेव्हा कुठे आवाज निघाला.

“दळण दळीते, दानं सरलं सुपात,
कान्हा माझा आजारी, मोन्टेव्हिडिओ गावात.”

गुप्त्यांनी टाक ठेवला. “पुन्हा म्हण, बाई,” ते हलक्या आवाजात म्हणाले. मग शाळेतून नकाशांचं पुस्तक मागवून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. “सापडलं! दक्षिण अमेरिकेतलं बंदर. स्पॅनिश लोकांनी ठेवलेलं नाव आहे. असल्या नावांत मनाचं अक्षर घालून चालत नाही.” पुस्तकात बघून, एकेक अक्षर ताडून त्यांनी ते अर्जात उतरवलं.

“ह्यात मुरबाड कुठं हाय?” राहीने विचारलं.

“मुरबाड ह्या पानावर नाही.”

अर्ज गेला आणि राहीचा जीव टांगणीला लागला. लावणी झाली, तण काढून बेणणी झाली. भादवा लागला आणि गुप्त्यांचा निरोप आला. दोघं पुन्हा शहापूरला गेली.

गुप्त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “गाव बरोबर लिहिलं होतं, म्हणून हापिसाला तो दवाखाना मिळाला. तिथे कान्ह्याचं नाव सापडलं.”

“सापडलं?” राही ताडकन उठली.

“बस, बाई. उतरवला त्याच आठवड्यात तो गेला. तिथेच पुरलाय त्याला.”

म्हणजे महादू निरोप घेऊन आला तेव्हाही तो नव्हताच. ती इतके महिने मेलेल्या माणसाला आजारी म्हणून गात होती. राहीला गुप्त्यांचा राग आला, इतका की त्यांच्या हातातला कागद फाडावा. एखादं अक्षर चुकलं असतं तर काय बिघडलं असतं? असा माणूस नाही म्हणून उत्तर आलं असतं आणि आणखी एक वर्ष तिला कुंकू लावता आलं असतं.

अमावास्येला विठूने पान वाढलं. भात, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. छपरावर ठेवून तो शिडी उतरतोय तोच कावळा आला आणि पानात चोच घालून खायलाही लागला.

“शिवला रे शिवला!” विठू ओरडला. सुटल्यासारखा तो खाली बसला आणि सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडला.

“नशिबाचा गो,” शेजारची सकुबाई म्हणाली. “कितीकांना उन्हं कलेपर्यंत ताटकळत ठेवतो कावळा. याचा जीव कशात अडकला नव्हता.”

राही दारात उभी होती.

“कशातच नाय?” तिने विचारलं.

विठूने डोळे पुसले आणि घरच्यांना जेवायला बसायला सांगितलं. राही आत गेली आणि सगळ्यांना वाढू लागली.