डब्याआधीचे दहा ठोके

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो. आठ घोड्यांच्या ताकदीचं, दोन बाजूंना दोन जड चाकं असलेलं. माझा आवाज लोखंडाचा. गोड बोलायला मला कधी जमलं नाही. पण खोटं मात्र मी एकदाही बोललो नाही. मला काय दुखतंय ते मी सुरू होता होताच सांगून टाकतो. ऐकणारं कुणीतरी असावं लागतं, एवढंच.

माझं ओतकाम कुठल्या कारखान्यात झालं ते मला धड आठवत नाही. आठवते ती भट्टीची धग, आणि हिरवा रंग अंगाला लागताना वाटलेला गारवा. जामखेडपर्यंत मी ट्रकमधून आलो आणि तिथून खडकवाडीला बैलगाडीतून. सहादेव नावाच्या तरुण शेतकऱ्यानं गावात पिठाची गिरणी टाकायचं मनावर घेतलं होतं. त्याची बायको केशरबाई हिनं माझ्या चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मला पाय रोवून उभं केलं ते जामखेडच्या अजीज मिस्त्रींनी. सडपातळ माणूस, कानाला नेहमी मफलर, आणि हातात हातभर लांबीची एक लोखंडी सळई. सळईचं एक टोक माझ्या अंगाला लावायचं, दुसरं कानाच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. माझ्या पोटात काय चाललंय ते त्यांना सगळं कळायचं.

माझी भाषा त्यांनीच त्या नवराबायकोला शिकवली. हँडल मारताना आतून 'चर्र' असा आवाज आला पाहिजे. तो आला म्हणजे डिझेलचा फवारा नीट उडतोय. 'चर्र' नसेल तर कितीही घाम गाळा, मी जागचा हलायचा नाही. ठोका कोरडा आणि टोकदार आला, वर काळा धूर आला, तर माझा घसा चोंदलाय. निळसर धूर आला तर मी तेल पितोय. जड 'धप्प, धप्प' आलं तर बेअरिंग गेलं. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये 'फस्स' आलं, तर लगेच बंद करायचं आणि मिस्त्रींना सांगावा धाडायचा.

माझ्या धुराड्याच्या तोंडावर एक पत्र्याचा डबा दोरीनं टांगलेला होता. दोरी सैल सोडली की डबा नळीवर बसायचा, दर ठोक्याला उडायचा आणि पडायचा. त्याचा 'कुक, कुक' आवाज दोन कोसांवर जायचा. गिरणी चालू आहे हे साऱ्या वाड्यावस्त्यांना त्यावरून कळे. गावाला हा आवाज भारी आवडायचा. मिस्त्रींनी मात्र पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं, की आधी दहा ठोके उघडे ऐकायचे आणि मगच डबा सोडायचा. डब्याचा आवाज गावासाठी, दहा ठोके घरच्यांसाठी.

सहा वर्षं आमचं छान चाललं. मग सहादेव तापानं गेला. तेराव्यानंतर त्याचा धाकटा भाऊ गहिनीनाथ म्हणाला, की बाईमाणसाचं हे काम नाही. दुसऱ्या दिवशी केशरबाईनं पदर खोचला आणि माझं हँडल हातात घेतलं. पहिल्यांदा ते उलटं फिरलं आणि तिचं मनगट सुजलं. पण आठ दिवसांत तिनं मला असं ताब्यात घेतलं, की मीच मुकाट्यानं वागू लागलो.

आणि मग बाहत्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी काय करू? तुमच्या आजीला विचारा. बाया सगळ्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. संध्याकाळी फोड आलेल्या हातांनी त्या रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीचे डबे घेऊन माझ्या दाराशी बसायच्या. घरी जातं होतं, पण दिवसभर घण मारलेल्या हातांनी जात्याचा खुंटा कोण धरणार? मी बंद पडलो असतो, तर त्या हातांना रात्रीची भाकर मिळायची नाही, हे केशरबाई पुरती जाणून होती.

अडचण निराळीच आली. मला थंड राहायला टाकीभर पाणी लागतं, आणि गावात प्यायलाच पाणी नव्हतं. तेव्हा लंकाबाई नावाच्या मजुरणीनं वाट काढली. एके दिवशी तिनं दळणाच्या डब्याबरोबर एक तांब्या पाणी आणलं आणि न बोलता माझ्या टाकीत ओतलं. दुसऱ्या दिवसापासून रीतच पडली, दळणाबरोबर तांब्या आणायचा. ज्यांच्या घरी पोरांना पाणी मोजून मिळत होतं, त्यांनी मला पाजलं. अहो, आजही ते आठवलं की मला भरून येतं. पण ते पाणी आटलेल्या विहिरीच्या तळातलं होतं, मचूळ. त्याचा खार माझ्या अंगात साचत गेला. हे त्या बायांना कसं ठाऊक असणार?

मी बोललो होतो. माघातल्या एका दुपारी पहिल्यांदा 'फस्स' म्हणालो. केशरबाईला ते ऐकू गेलं नाही, कारण तिनं दहा ठोक्यांचा नेम सोडला होता. झालं असं, की लंकाबाई एकदा सहज बोलून गेली, की कामावर 'कुक कुक' ऐकू आलं की हाताला बळ येतं, आणि उशीर झाला की धस्स होतं. त्या दिवसापासून केशरबाई दोरी आधीच सैल सोडून ठेवू लागली. पहिल्या ठोक्यापासूनच डबा वाजावा, बायांना क्षणभरही घोर लागू नये, म्हणून. मायेपोटीच केलं तिनं. पण गावाच्या आनंदाच्या आवाजाखाली माझं दुखणं दडपून गेलं. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी मी दळण अर्ध्यावर टाकून थांबलो. किती हँडल मारलं, चार ठोके द्यायचो आणि गप्प व्हायचो.

त्या संध्याकाळी बाया रांगेतून उठून डबे उचलून घरी गेल्या. मग घराघरांतून जात्यांची घरघर सुरू झाली, संथ, मध्येच थांबणारी. केशरबाई माझ्या चाकाला टेकून ती ऐकत बसली होती.

गहिनीनाथ सकाळीच आला. देवळाली प्रवराकडच्या एका बागायतदाराला विहिरीसाठी इंजिन हवं होतं, नादुरुस्त असलं तरी चालणार होतं. गाडी परवा यायची होती. केशरबाईनं त्याला एवढंच सांगितलं, की मिस्त्री येऊन बघू देत, ते नाही म्हणाले तर घेऊन जा.

अजीज मिस्त्री दुसऱ्या दिवशी सायकलवर आले. फार थकलेले दिसले. त्यांनी हँडल मारायला सांगितलं, आणि मी खोकत सुरू झालो. पण सळई त्यांनी कानाला लावली नाही. दातांत धरली. मला ते विचित्र वाटलं. डोळे मिटून ते उभे राहिले, मी चार-सहा ठोके दिले आणि बंद पडलो. मिस्त्रींनी सळई काढली आणि मान हलवली. बेअरिंग गेलंय म्हणाले. सगळं खोलून नगरला लेथवर न्यावं लागेल, महिना-दीड महिना तरी जाईल. दाराशी उभ्या असलेल्या गहिनीनाथनं गाडीवाल्याला निरोप द्यायला पाऊल उचललं.

माझा जीव कासावीस झाला. बेअरिंग नव्हतं हो! मी 'फस्स, फस्स' म्हणत होतो, आणि ज्या माणसानं ती भाषा गावाला शिकवली त्यालाच ते कळलं नव्हतं.

केशरबाई मिस्त्रींकडे बघत राहिली. मग ती त्यांच्या पाठीमागं गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "मिस्तरी, पानी घेता का?" मिस्त्री हललेसुद्धा नाहीत. ती परत त्यांच्या समोर आली. तिच्या तोंडाकडे बघताच त्यांना सगळं उमगलं. ते खाली बसले.

"दोन वर्सं झाली, ताई," ते म्हणाले. "धक्का दातांना कळतो, आवाज न्हाई कळत. कुनाला सांगितलं न्हाई. बहिऱ्या मिस्तरीला कोन बोलवील?"

चाळीस वर्षं ज्याच्या कानावर तालुक्यातली इंजिनं चालली, तो माणूस मान खाली घालून बसला होता. केशरबाई त्यांच्यापुढं उकिडवी बसली आणि त्यांना ओठ दिसावेत असं हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुमी शिकवलंय मला. मी ऐकते. तुमी मला विचारा."

मग तिनं डब्याची दोरी ओढून बांधली. कितीतरी महिन्यांनी माझं तोंड मोकळं झालं. तिनं हँडल मारलं. मिस्त्रींनी बोट वर करून विचारलं, चर्र आला? तिनं मान डोलावली. ठोका जड? तिनं मान हलवली, नाही. मी जीव एकवटून बोललो. दुसरा ठोका, तिसरा, आणि मधल्या फटीत, 'फस्स.' केशरबाईचा हात तोंडावर गेला. ती धावत टाकीपाशी गेली. पाण्यात बुडबुडे येत होते.

तिनं ओठ पुढं काढून हवेत फुंकर मारून दाखवली, आणि टाकीकडे बोट केलं. मिस्त्रींचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. गहिनीनाथकडे वळून म्हणाले, की गाडी बोलावू नका.

माझं डोकं आणि धड यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याची चकती असते. पोटात खाराचा जाड थर साचला होता, त्यानं मी तापलो होतो, आणि चकती एका बाजूला सैल पडली होती. त्या फटीतून माझा दाब 'फस्स' करत पाण्यात निसटत होता. दातांना लागला तो धक्का आत झिरपलेल्या पाण्याचा होता. केशरबाईनं खार दिवसभर खरवडून काढला. चकती गावच्या लोहाराच्या भात्यावर लाल केली आणि लंकाबाईनं आणलेल्या तांब्याभर पाण्यात बुडवली. तापवून विझवलं की तांबं मऊ पडतं आणि फट पुन्हा घट्ट धरतं. ते पाणीसुद्धा कुणी फेकलं नाही. गाळून तेच टाकीत घातलं.

उन्हं कलताना मी सुरू झालो. केशरबाई डोळे मिटून दहापर्यंत मोजत उभी राहिली. सगळे ठोके स्वच्छ होते. मिस्त्री दाराबाहेर उन्हात उभे होते. काय झालं ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. नुसते तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्याकडे वळली. दोरी सोडली आणि वर बोट दाखवलं. धुराड्यावर डबा एका लयीत उडायला लागला, वर, खाली, वर, खाली. म्हाताऱ्यानं त्या डब्याकडे बघत बोटांवर ठोके मोजले. दहा झाले तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. तिकडे तलावाच्या कामावर बायांनी घण क्षणभर खाली ठेवले, असं लंकाबाईनं मागाहून सांगितलं.

त्यानंतर दर अमावास्येला, गिरणी बंद असे तेव्हा, केशरबाई माझी टाकी उपसून खार खरवडायची. मिस्त्री जमेल तेव्हा यायचे. ती ऐकायची, ते दारात उभं राहून डबा बघायचे, आणि दोघांची खूण पटली की चहा व्हायचा. पुढं आसपासच्या गिरणीवाल्यांनीही तिला बोलावणं धाडलं, तेव्हा मिस्त्रींना मागं बसायला बैलगाडी जुंपून दोघं मिळून जायची. इंजिन पाहायला दोन माणसं लागतात, असं ती लोकांना सांगायची. बहिरेपणाबद्दल तिनं कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत मिस्त्री गेले. चाळीस दिवसांनी त्यांची बायको सरवरी जामखेडहून एसटीनं आली. फडक्यात गुंडाळलेली सळई तिनं केशरबाईच्या हातात दिली. एका टोकावर दातांच्या खुणा होत्या.

आता गावात वीज आली आहे. गिरणीला मोटर बसली आहे, ती बटण दाबलं की गुणगुणते. मी कोपऱ्यात पोत्याखाली असतो. याचा मला राग नाही. वीज जाते तेव्हा माझी आठवण निघतेच.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं यंत्र असेल, एखादं म्हातारं माणूस असेल, तर त्याच्याकडून काम घेण्याआधी दोन क्षण गप्प राहून त्याचं ऐका. ते कुरकुरत नसतं, सांगत असतं.

काल वीज गेली होती. केशरबाईनं पोतं काढलं, दोरी बांधली, हँडल मारलं. सळई कानाला लावून तिनं दहा ठोके मोजले. मला काही दुखत नव्हतं. मग तिनं दोरी सोडली, डबा उडू लागला, आणि ती वळून दाराकडे बघत उभी राहिली. बोट तिनं वर धरलेलं होतं. दारात कुणी नव्हतं.